आवाज आला नाही म्हणजे काय?



संयोजकांनी मला दिलेला विषय ‘समाजमाध्यमं आणि आपण’ असा आहे. खोट्या बातम्या, शिवीगाळ, मुलांचा वाया जाणारा वेळ, हे सगळं त्यात येतं आणि त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आज इथे बसले आहेत. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. म्हणून परवानगी घेऊन एकाच घटनेबद्दल बोलतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आम्ही बारा जण, एकमेकांना कधीही प्रत्यक्ष न भेटलेले, तेराव्याची खबर शोधत होतो.

आमचा गट कसला, ते आधी सांगतो. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा जगाचा एक मोफत नकाशा आहे, तो कुणीही भरू शकतो, दुरुस्त करू शकतो. त्या नकाशातल्या चुका पकडणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही फावल्या वेळात सांभाळायचो. कुणी मनिलाचा, कुणी पोलंडचा, कॅनडातल्या एक निवृत्त शिक्षिका, मी मुंबईचा. आणि एक जण पोर्तो रिकोमधल्या उतुआदो या डोंगराळ भागातला. त्याचं नाव इथे घेत नाही. त्याला ते आवडणार नाही. चार वर्षं आम्ही जवळपास रोज बोलत होतो. त्याच्या आईला मधुमेह आहे, तो इन्सुलिनचा हिशेब ठेवतो, त्याला पहाटे काम करायला आवडतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा चेहरा मात्र मी पाहिला नव्हता.

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. तेव्हा लोकसंख्या तेहेतीस लाखांच्या आसपास. इथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षासाठी मत देता येत नाही. त्या वादळाच्या सुमारास झालेल्या एका पाहणीत, हे आपलेच नागरिक आहेत एवढंही अमेरिकेतल्या जेमतेम निम्म्या लोकांना माहीत असल्याचं दिसलं होतं. नागरिकत्व कागदावर असणं आणि शेजाऱ्याच्या मनात असणं यातला फरक या सभेत मी समजावून सांगायची गरज नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इर्मा वादळ बेटाच्या उत्तरेकडून गेलं. तेवढ्यानेही दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. ती पुरती येते न येते तोच मारिया आलं. १९ तारखेच्या संध्याकाळी मित्राचा निरोप आला: पिंपं भरली, बॅटऱ्या भरल्या, आईला खालच्या खोलीत आणलं, उद्या बोलू. २० सप्टेंबरला तिकडच्या पहाटे सव्वासहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी पावणेचारला, मारिया याबुकोआजवळ किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटर. आग्नेयेकडून वायव्येकडे बेट तिरकं कापत ते निघून गेलं. सगळ्या बेटाची वीज गेली. हवामान खात्याचं रडारही मोडलं. दुसऱ्या दिवशी मोबाईलचे ९५ टक्क्यांहून जास्त मनोरे बंद होते.

मनोरा बंद पडायला तो कोसळावाच लागतो असं नाही. वीज गेली की मनोरा काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर. डिझेल घेऊन येणारा टँकर दरडीपाशी अडकला की संपलं. मनोरा चालू असला तरी त्याला पुढच्या केंद्राशी जोडणारी तार विजेच्याच खांबांवरून जाते, आणि खांब तर आडवे झालेले. म्हणजे एखाद्याच्या हातात चार्ज केलेला फोन असेल, तो धडधाकट असेल, आणि तरी जगाच्या लेखी तो नाहीसा होतो.

माझ्या धंद्यात ही रोजची अडचण आहे. दोन सर्व्हर एकमेकांना ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा संदेश पाठवत राहतात. त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो, हृदयाचा ठोका. ठोका यायचा थांबला, तर पलीकडचा सर्व्हर मेला की मधली तार तुटली, हे अलीकडच्या सर्व्हरला कळायचा काहीही मार्ग नसतो. दोन्ही शांतता सारख्याच. मग आम्ही एक मुदत ठरवतो आणि ती उलटली की तो मेला असं धरून पुढे जातो. यंत्रांच्या बाबतीत हे चालून जातं.

गटात पहिल्या दिवशी विनोद चालले होते. दुसऱ्या दिवशी थांबले. जो तो त्याच्या नावाखालची ‘शेवटचं कधी दिसला’ ही ओळ पाहत बसला. आणि २१ तारखेच्या सकाळी मी उठलो तर पोलंडवाल्याने लिहिलं होतं, “तो आहे! रात्री त्याने यादी टाकली!” झालं असं होतं, की नकाशातल्या तुटक्या रस्त्यांची यादी करून रोज रात्री गटात टाकणारा एक प्रोग्राम मित्राने लिहिला होता. तो दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरवर चालायचा आणि यादी मित्राच्याच नावाने यायची. उतुआदोत दिवा नव्हता, पण त्याचं नाव आमच्याकडे रात्री ठरलेल्या वेळी हजेरी लावत होतं. पुढे दोन रात्री तसंच. शेवटी मनिलावाला म्हणाला, “हे बंद करा. त्याच्या घरच्या कुणी पाहिलं तर?” आम्ही यादी चालू ठेवली, त्याचं नाव तेवढं काढलं. ते नाव काढताना मला जे वाटलं, त्याला शब्द नाही.

या मनिलावाल्याचं बोलणं आम्ही ऐकायचो, कारण २०१३ च्या हैयान वादळात त्याचे नातेवाईक ताक्लोबानमध्ये होते. तो म्हणायचा, पहिल्या आठवड्याच्या शांततेचा अर्थ लावू नका, रस्ते उघडल्यावरही आवाज आला नाही तर काळजी करा.

मग वाद झाला. एकाचं म्हणणं, मित्राचा पत्ता, आईचं नाव, तिचा आजार, सगळं जगजाहीर करावं, कुणीतरी वाचेल. कॅनडाच्या बाई ठाम उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, एका आजारी बाईचं घर कुठे आहे आणि तिथे वीज नाही, हे अनोळखी लोकांना सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मला त्यांचंच पटलं, आजही पटतं. काळजीच्या भरात आपण दुसऱ्याची माहिती अशी उधळतो की संकट ओसरल्यावर ती गोळा करता येत नाही.

शोध घ्यायच्या रीतसर वाटा आहेत, आणि त्या माणसांनी चुकतमाकत घडवल्या आहेत. २००५ च्या कतरिना वादळात हरवलेल्यांच्या याद्या शेकडो ठिकाणी विखुरल्या होत्या. एका यादीत बेपत्ता असलेला माणूस दुसऱ्या यादीत छावणीत सुखरूप असायचा आणि दोन्ही याद्या एकमेकींना ओळखत नसायच्या. तेव्हा स्वयंसेवकांनी हातांनी नोंदी टाइप केल्या आणि सगळ्या याद्यांसाठी एक सामाईक नमुना बनवला. २०१० च्या हैती भूकंपानंतर गूगलने त्याच नमुन्यावर शोधयंत्रणा उभी केली. २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात आपल्याकडेही ती वापरली गेली. पोर्तो रिकोत तर जुनी साधनंच कामाला आली. सान हुआनचं वापा रेडिओ हे केंद्र सुरू राहिलं, लोक तिथे निरोप घेऊन जायचे. अमेरिकन रेड क्रॉसने हौशी रेडिओ चालकांच्या संघटनेकडे पन्नास माणसं मागितली.

आमच्या हाती एकच धागा होता. एका सदस्याने मित्राला पूर्वी जीपीएसचं यंत्र पाठवलं होतं, ते ओरलँडोला त्याच्या बहिणीच्या पत्त्यावर. बहिणीला आम्ही एकच पत्र लिहिलं, बारा नाही. तिलाही काही कळलेलं नव्हतं. मग आम्ही तेच केलं जे आम्हाला येतं: उपग्रहाच्या चित्रांवरून उतुआदोतली घरं, पायवाटा, वळणं नकाशात भरत बसलो. मदतीच्या पथकांसाठी हजारो अनोळखी लोक तेव्हा हेच करत होते. खरं सांगायचं तर मी प्रत्येक छपरात त्याचं छप्पर शोधत होतो.

बाराव्या दिवशी बहिणीचा निरोप आला. मित्राच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वस्तीतल्या प्रत्येक घरातून एकेक नंबर कागदावर लिहून घेतला. जिथवर रस्ता होता तिथवर ते चालत, मग कुणाच्या तरी गाडीतून, महामार्गावर जिथे सिग्नल मिळे त्या जागी पोहोचले. तिथे गाड्यांची रांग लागलेली, लोक हात वर करून फोन धरून उभे. त्यांनी अकरा घरांसाठी अकरा फोन केले. प्रत्येकाला एवढंच: जिवंत आहेत, पाणी हवं आहे.

गटात जल्लोष झाला. कॅनडाच्या बाईंनी मात्र विचारलं, “इन्सुलिन थंड कशात ठेवतात?”

तो प्रश्न पुढचे कित्येक महिने पुरला. बेटावर सगळीकडे वीज यायला जवळपास अकरा महिने लागले. उतुआदोतल्याच रिओ आबाहो भागात पूल वाहून गेला, तेव्हा लोकांनी नदीवर तार बांधून बाजारहाटाची ढकलगाडी तिच्यावर चढवली आणि तिच्यातून सामान ओढून आणलं. त्या जागेला त्यांनीच नाव दिलं, विसरलेल्यांची छावणी. मित्राच्या आईला नोव्हेंबरमध्ये ओरलँडोला नेलं. त्याच महिन्यात शेजारच्या त्या गृहस्थांची पत्नी गेली. ती ऑक्सिजनच्या यंत्रावर होती, यंत्र जनरेटरवर होतं. मृत्यूच्या दाखल्यावर फुफ्फुसाचा आजार लिहिला गेला.

मारियाच्या बळींचा सरकारी आकडा बराच काळ ६४ होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये, तो २,९७५ झाला. या दोन आकड्यांमधल्या माणसांना वाऱ्याने मारलं नाही. बहुतेकांची खबर ‘सुखरूप’ अशीच आली असणार.

आपल्याकडचं एक सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी खाला श्रीवर्धनला होती. वीज नाही, फोन नाही. आम्ही मुंबईत, दीडशे-दोनशे किलोमीटरवर, हात चोळत बसलेलो. खबर आली ती कुवेतहून. गावातला एक जण महाडपर्यंत पोहोचला, त्याला आपल्या कुवेतमधल्या मुलाचा नंबर तेवढा तोंडपाठ होता. मुलाने तिथून पंधरा घरांना कळवलं. कोकणातल्या आपल्या घरांमधून आखातात गेलेली माणसं ही अशी आयती दूरची चौकी आहे, फक्त ते आधी ठरलेलं असावं लागतं. एकाच भागातले सगळे नंबर एकदमच मुके होतात, म्हणून एक नंबर वादळाच्या टापूबाहेरचा हवा.

बाहेर चहाच्या टेबलावर मी कोरी कार्डं ठेवली आहेत. त्यावर तीन नंबर लिहा, त्यातला एक लांबचा. घरात कुणाला रोजचं औषध किंवा यंत्र लागत असेल तर तेही लिहा, पण त्या माणसाला विचारून. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, शेजाऱ्याला वाचता येईल असं लिहा. पेन दोनच आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढून ठेवा.