हौसेला मोल असतं

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. वाचनाच्या सोयीसाठी थोडं संपादित केलं आहे.)



आटीव दुधाचा वास सभागृहात शिरलेला आहे, त्यामुळे माझ्या हातात किती वेळ आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. मसाला दूध आणि भाषण यांत कोण जिंकतं हे सांगायला ज्योतिषी नको.

समितीने मला विषय दिला तो 'आमची चैन'. मी भाषणाची तयारी म्हणून ओळखीच्या दहा-बारा जणांना एकच प्रश्न विचारला. गेल्या वर्षभरात गरज नसताना, फक्त आवडलं म्हणून, फक्त स्वतःसाठी तुम्ही काय घेतलंत? उत्तर जवळजवळ सगळ्यांचं एकच. "छे हो, आम्ही कसली चैन करतोय!" हे म्हणणाऱ्या एका गृहस्थांच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या गाडीच्या वर्षभराच्या विम्याएवढ्या किमतीचं होतं. पण ते प्रमोशनचं होतं. म्हणजे चैन नव्हे, प्रसंग! दुसऱ्या घरी एप्रिल-मे मध्ये हापूसच्या पेट्यांवर पेट्या येतात. पण त्या मुलांसाठी. मुलं पिझ्झा खातात आणि आईवडील मुलांसाठी आणलेला हापूस संपवतात, हा भाग वेगळा. तिसरीकडे सोनं. ते तर काय, गुंतवणूकच!

आपल्याला चैन करता येत नाही, असं मुळीच नाही. आपल्याला ती तिच्या नावाने करता येत नाही. प्रत्येक हौसेला आपण कर्तव्याचा झब्बा चढवतो आणि मगच घरात घेतो.

गंमत बघा. ही हौस आली कुठून? हा शब्द अरबी 'हवस' वरून आला. तिथे त्याचा अर्थ वेड, ध्यास. 'शौक' अरबी, म्हणजे मनाची ओढ. 'मौज' अरबी. समुद्राच्या लाटेला अरबीत मौज म्हणतात. आणि 'ऐश'? त्याचा मूळ अर्थ जगणं. इथल्या आखाती बोलीत तर ऐश म्हणजे चक्क भात! म्हणजे आपण ज्याला उधळपट्टी समजतो तो इथल्या माणसाचा रोजचा वरणभातातला भात. एवढंच काय, 'खर्च' सुद्धा अरबीच. मॉलमध्ये, मेट्रोत बाहेर पडण्याच्या दारावर 'मखरज' लिहिलेलं असतं ना, तो त्याच धातूचा. खर्च म्हणजे बाहेर पडणं. पैसा एकदा त्या दाराने गेला की गेला, हे आपल्याला इथे येण्याआधीच कळलेलं होतं!

हे शब्द फारसीच्या वाटेने काही शतकांपूर्वी मराठीत आले, आणि आपण त्यांच्या मागोमाग, उलट दिशेने, इथे आलो. देवघरातली उदबत्ती घ्या. तिच्यातला 'ऊद' म्हणजे इथला 'ऊद'च. आपण ज्या सुगंधाने देवाला ओवाळतो, त्याचं तेल इथला माणूस स्वतःच्या अंगाला लावतो. आणि विकत घेताना मोजतो कशात? तोळ्यात! बर दुबईतल्या किंवा देऱ्यातल्या अत्तराच्या दुकानात जाऊन बघा. तोळा आपल्याकडे सराफाच्या दुकानापुरता उरला, इथे तो अत्तरालाही लागतो.

आता तोळ्यावर आलोच आहोत, तर सोन्याबद्दल बोलू. "लंकेत सोन्याच्या विटा" ही म्हण ज्याने केली त्याने देऱ्याचा गोल्ड सूक पाहिला नव्हता. धनत्रयोदशीला आणि अक्षय्यतृतीयेला तिथे आपल्या लोकांची जी गर्दी असते, ती पाहून विटासुद्धा लाजतील.

सोनं ही चैन की बचत, हा वाद आपल्या घरातला नाही. तो सरकारी पातळीवर झालेला आहे. पूर्वी आखातात भारतीय रुपयाच चालायचा. इथून सोनं चोरवाटेने भारतात जायचं आणि बदल्यात रुपये इकडे यायचे. ते इतकं वाढलं, की १९५९ साली भारताला आखातासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. पुढे जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी! लोकांनी सोन्याचा नाद सोडावा ही अपेक्षा. नाद सुटला नाही. कारागीर सोनारांच्या पोटावर मात्र पाय आला. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्द करावा लागला. हौस कायद्याने मरत नाही, ती फक्त मागच्या दाराने येते. हे जसं देशाचं, तसंच घराचं.

इथल्या कर खात्याने मात्र हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. १ जानेवारी २०१८ पासून अमिरातीत ५ टक्के व्हॅट लागू झाला. दागिन्यांवर तो लागतो. पण ९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध सोन्याची, गुंतवणुकीची म्हणून घेतलेली चीप किंवा बिस्कीट असेल तर कर शून्य. म्हणजे बिस्कीट ही बचत, पाटल्या ही हौस. कायद्याच्या पुस्तकात इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे! आपलं दागिन्याचं बिलही तेच सांगतं. त्या दिवसाचा भाव सगळ्या सूकमध्ये सारखाच असतो, घासाघीस होते ती घडणावळीवर, ज्याला आपण इथे मेकिंग चार्जेस म्हणतो. सोनं मोडायला गेलात तर वजनाचे पैसे परत मिळतात, घडणावळीचे मिळत नाहीत. मग वजन ही गुंतवणूक आणि घडणावळ ही तुमची हौस. दोन्ही घ्या, पण दोन्ही दोन रकान्यांत लिहा. आणि "इथे स्वस्त पडतं म्हणून घेतलं" हे वाक्यही आता जरा जपून वापरा. जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा त्या वाक्यातला बराच जोर ओसरला.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? चैन म्हणा नाहीतर गुंतवणूक, बिल तेवढंच. मंडळी, बिल तेवढंच राहत नाही. ज्या खर्चाला आपण चैन म्हणत नाही, त्याला मर्यादाही घालत नाही. प्रमोशनचं घड्याळ, मुलांचा आंबा, पाहुण्यांसाठी सोफा, नातेवाइकांसाठी बॅगा भरभरून खरेदी. यातलं काहीच चैनीच्या रकान्यात नाही, त्यामुळे त्या रकान्यात कायम शून्य. आणि ज्या हौसेला असा सभ्य झब्बा चढवता येत नाही, ती बिचारी दाराबाहेर उभी राहते.

आता एक फरक सांगतो. हौस वेगळी आणि बडेजाव वेगळा. बडेजावाला प्रेक्षक लागतात. आपण तर अशा गावात राहतो, की जिथे गाडीपेक्षा गाडीचा नंबर महाग असतो. एप्रिल २०२३ मध्ये दुबईत 'पी ७' ही नंबरप्लेट साडेपाच कोटी दिरहमना गेली. ते पैसे अन्नदानाच्या मोहिमेला गेले, हे त्यातलं चांगलं. पण तो आकडा बघून आपल्या मनात नकळत एक पट्टी तयार होते. शेजाऱ्याने गाडी बदलली की आपली जुनी वाटायला लागते. शॉपिंग फेस्टिव्हल १९९६ साली सुरू झाला, तेव्हापासून तर आपल्याला काय आवडतं हे आपल्याआधी जाहिरातवाल्यांना कळतं. म्हणून एक साधी परीक्षा आहे. ही वस्तू मला कोणालाच दाखवता येणार नाही, फोटो टाकता येणार नाही, तरी मी ती घेईन का? उत्तर 'हो' असेल तर ती हौस. 'नाही' असेल तर तो शेजाऱ्याचा खर्च आपण आपल्या कार्डावर करतोय.

आणि कार्डाचं म्हणाल तर "ऋण काढून सण" करू नये हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. हौसेपायी माणूस किती वाहवतो, याचं मराठी उदाहरण म्हणजे साक्षात बालगंधर्व. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. रंगभूमीवर खरे भरजरी शालू, खरे गालिचे, उंची अत्तरं. प्रेक्षकाला जे द्यायचं ते अस्सल, यात तडजोड नाही. त्या वैभवाच्या आठवणी मराठी माणसाने पिढ्यान्पिढ्या सांगितल्या. पण कंपनी कर्जात गेली आणि ते फेडण्यात त्या थोर कलावंताची उमेदीची वर्षं खर्ची पडली. आपण त्यांच्या हौसेला नमस्कार करू या, पण हिशोब आपल्या आज्जीचा ठेवू या. आपल्यापैकी कोणाला बालगंधर्वांचा गळा नाही, आणि बँक तर गळा ऐकतही नाही!

हे झालं जास्त हौस करणाऱ्यांचं. पण या सभागृहात मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची.

शारजात आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक काकू राहायच्या. गोड गळा. गणपतीत आरत्यांना सूर त्यांचा. त्यांना पेटी शिकायची होती, बाजाची पेटी. दरवर्षी उन्हाळ्यात त्यांच्याकडे पेटी यायची, पण ती आंब्याची! बाजाच्या पेटीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं, "परत गेल्यावर." आधी मुलांची शिक्षणं, मग पुण्याचा फ्लॅट, मग मुलीचं लग्न. काका कंजूष नव्हते, त्यांनी बायकोला कधी नाही म्हटलं नाही. काकूंनी मागितलंच नाही. निवृत्तीनंतर ते परत गेले, मुलाने पहिल्याच महिन्यात उत्तम पेटी आणून दिली. गेल्या सुट्टीत मी भेटायला गेलो तेव्हा पेटी झाकून ठेवलेली होती. संधिवाताने बोटं आखडली होती. काकू हसल्या, म्हणाल्या, "अरे, आता हौस आहे, पेटी आहे, वेळ आहे. बोटंच ऐकत नाहीत."

मंडळी, 'परत गेल्यावर' हा आपल्या सगळ्यांचा एक मोठा माळा आहे. त्यावर आपण काय काय टाकून ठेवलेलं असतं! चित्रकला, पोहायला शिकणं, नाटकं, पुस्तकं. आपलं इथलं राहणं व्हिसाच्या तारखेवर, म्हणून आपल्याला वाटतं की इथलं जगणं तात्पुरतं आणि खरं जगणं पुढे कधीतरी. पण तात्पुरती म्हणून सुरू केलेली वीस-पंचवीस वर्षं ही आयुष्यातली भर उमेदीची वर्षं असतात. ती परत जाताना बॅगेत घालून नेता येत नाहीत. सोन्याला कस्टमच्या नियमांत ग्रॅमची सूट मिळते, वर्षांना मिळत नाही.

आणि हेही बघा, की असा माळा बहुतेक घरांत बाईच्या वस्तूंनी भरलेला असतो. तिच्यासाठी दागिना येतो, कारण तो घराचा असतो, उद्या सुनेचा, नातीचा असतो. पण फक्त तिचं, जे पुढे कोणाला देता येणार नाही, असं काय येतं? एखादा क्लास, एखादी मैत्रिणींबरोबरची सहल, आठवड्यातली एक दुपार जिच्यात डबा, होमवर्क, काही नाही?

हौस महाग असली पाहिजे असंही नाही. देऱ्याहून बर दुबईला अब्राने जायला आजही एक दिरहम पडतो. माझ्या ओळखीचे एक हिशोबनीस महिन्यातून एकदा संध्याकाळी अब्राने पलीकडे जातात, कडक चहा पितात आणि परत येतात. पलीकडे काही काम नसतं. मी विचारलं, "मग जाता कशाला?" म्हणाले, "काम नसतं म्हणूनच जातो." याला म्हणतात शौक! अरबी आणि मराठी, दोन्ही अर्थांनी.

तेव्हा माझी एक सूचना आहे. या दिवाळीत घरातल्या प्रत्येकाने एका कागदावर आपली एक हौस लिहायची. आजी-आजोबा इकडे आलेले असतील तर त्यांनीही. कारण लिहायचं नाही. 'मुलांसाठी', 'तब्येतीसाठी', 'गुंतवणूक म्हणून' हे शब्द बाद. पुढे रक्कम लिहायची, कारण हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो खरं, पण हौसेला मोल असतं आणि ते ठाऊक असलेलं बरं. मग सगळ्यांनी मिळून बसायचं आणि घरखर्चाच्या वहीत एक नवीन रकाना काढायचा. त्याचं नाव 'हौस'. झेपेल तेवढीच रक्कम, पण प्रत्येकाच्या नावावर काहीतरी. आणि ज्याच्या कागदावर "मला काही नको" असं येईल, त्याचा कागद घरातल्यांनी परत करायचा. बहुतेक तो आईचा असेल.

दूध आता नक्की तयार आहे. जायफळ, केशर, चारोळ्या सगळं घातलेलं दिसतंय. दुसरा ग्लास घ्यावासा वाटला तर बेलाशक घ्या. "बायकोने आग्रह केला म्हणून" असं सांगू नका.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.