कुणी सांगितलं नसताना

बारावीचा निकाल लागला की ‘पुढे काय?’ हा प्रश्न पाहुण्यांच्या चहाबरोबरच घरात येतो, आणि उत्तर तिथल्या तिथे हवं असतं. पण ते उशिराही सापडू शकतं. अभिनेते डॉ. श्रीराम लागूंचंच पाहा: त्यांचा जन्म १९२७चा. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून त्यांनी पुण्यात आणि टांझानियात काम केलं, आणि १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. मला मोलाचं वाटतं ते त्याआधीचं: वैद्यकीय शिक्षणाच्या काळापासून त्यांची हौशी नाटकं चालूच होती.

तेव्हा एक वही घ्या. गेल्या महिन्यात कुणी सांगितलं नसताना तुम्ही काय केलंत, कशात वेळेचं भान सुटलं, ते लिहा. मार्क, पगार, शेजारच्यांचा मुलगा, हे तूर्त बाजूला. आणि हो, मोबाइल चाळण्यात गेलेले तास त्यात धरू नका!