टॉवरही एक विमाच आहे



मी बँकेतला कारकून. आमच्याकडे 'लिंक नाही' म्हटले की काउंटर बंद. ग्राहक चरफडतो आणि दुसऱ्या दिवशी येतो. पण छातीत कळ आलेल्या माणसाला दुसरा दिवस नसतो.

१९०८ च्या मुसीच्या पुराच्या गोष्टी आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा मुंबईकरांच्या खिशात मोबाइल होते, पण अनेकांचे मुके झाले. पुढे तीनच आठवड्यांत, १५ ऑगस्टला, आपल्या हैदराबादेत १०८ सेवा सुरू झाली. तिचा आपल्याला अभिमान आहे. मात्र १०८ लावायला टॉवर चालू लागतो, आणि टॉवरला वीज.

टॉवरचे नाव काढले की आपण लहरींना भितो. सरकारने २०१२ मध्ये लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शंका असेल तर मोजणी मागावी. नुसता विरोध करू नये.

माझी मागणी साधी आहे. नारायणगुड्यात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांच्या वायरलेससाठी सरकारी इमारतीवर टॉवर हवा. त्याची बॅटरी व जनरेटर पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर हवेत. मते मागायला येणाऱ्यांना हे आधी विचारा.

खर्च होईल. पण वर्षभर आजारी पडलो नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे आपण म्हणतो का?