शेगडी मागू नका



नावेतून उतरून काशीच्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढताना पुष्कळ पाहुण्यांना लागलेली धाप मी पाहिली. फुप्फुसांची परिषद इथेच का भरवली, ते वेगळं सांगायला नको! जवळच्याच बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खान सनईचा रियाज करत. छातीभर श्वास आम्ही ऐकलेला आहे.

आणि तुटणाराही. माझ्या धाकट्या भावाला तान्हेपणी न्यूमोनिया झाला. पौषातलं धुकं. आजीनं खिडक्या लावून खोलीत कोळशाची बोरसी, म्हणजे शेगडी, ठेवली. मायेनं, पण धूर कोंडला. शेजारीण म्हणाली, ‘पसली चलत हौ.’ झबलं वर केलं, तर दर श्वासाला फासळ्यांखाली खळगा पडत होता. तिनं ओळखलं, उशीर आम्ही केला. गल्लीत गाडी शिरत नाही. काकांनी त्याला दुलईत गुंडाळून मैदागिनच्या रस्त्यापर्यंत पळत नेलं. वाचला.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या फुग्यांत पू-पाणी साचतं, म्हणून मूल भराभर श्वास घेतं. विदर्भात याला ‘डब्बा’ म्हणतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना, दायांना हे श्वास ओळखून औषध द्यायला शिकवलं आणि मुलांचे मृत्यू घटले; १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. आकडे न येणाऱ्या दाईसाठी त्यांनी मण्यांची पाटी केली, सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. जंगलातल्या गावासाठी निघालेली ही युक्ती आमच्या गल्ल्यांनाही लागू आहे, असं माझं ठाम मत आहे. दवाखाना दहा कोसांवर असो की दोनशे पायऱ्यांवर, पहिली नजर घरातलीच.

तेव्हा घाटावरच्या आयांनो, मूल शांत असताना पूर्ण मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तितके किंवा जास्त भरले, तर थांबू नका, दवाखाना गाठा. खळगा दिसला, तर मोजतही बसू नका. न्यूमोकोकल लस २०१७पासून टप्प्याटप्प्यानं सरकारी लसीकरणात आली. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात, फुकट मिळते.

पाहुण्यांनो, सकाळी दुधाच्या फेसाची मलइयो आहे. उन्हं चढली की संपते, लवकर उठा. रात्री थंडी वाजली तर रजया हव्या तितक्या मागा. शेगडी मागू नका, खोलीत मिळणार नाही.