यंत्राचा कान आणि तारेचा सूर

नगरमध्ये १९७२ साली ‘लूना’ नावाचे चिमुकले वाहन तयार होऊ लागले. पन्नास घनसेंटिमीटरच्या त्या यंत्राने मध्यमवर्गीय कुटुंबांना चाके दिली, आणि त्याचबरोबर त्या जिल्ह्यातील पुष्कळ तरुणांना यंत्राचा आवाज ऐकण्याची सवयही लावली. पुढे मोटारसायकलीच्या नादी लागलेला असा एखादा शौकीन हाती गिटार घेतो आणि लिपी, पुस्तक वा शिक्षक यांवाचून केवळ कानावर भिस्त ठेवून ती शिकू पाहतो, तेव्हा आप्तेष्टांना तो विक्षिप्तपणा वाटतो. वास्तविक त्याची अर्धी तालीम रस्त्यावरच झालेली असते.

हे विधान अलंकारिक नव्हे. त्याला गणिताचा आधार आहे. लूनासारख्या द्विघाती यंत्रात दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो. मिनिटाला ३,३०० फेरे झाले की सेकंदाला ५५ स्फोट पडतात. गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते; म्हणजे यंत्राचा स्वर तिच्या बरोबर एक सप्तक खाली. बुलेटसारख्या चतुर्घाती, एकनळी यंत्रात दोन फेऱ्यांस एकच स्फोट, म्हणून त्याच वेगाला तो स्वर आणखी एक सप्तक खाली उतरतो. तीच बुलेट उभ्या जागी मिनिटाला ९०० फेऱ्यांनी धडधडत असेल तर सेकंदाला साडेसातच ठोके पडतात. त्यांत कोणालाही स्वर ऐकू येत नाही, ऐकू येते ती लय. सेकंदाला सुमारे वीस ठोक्यांची मर्यादा ओलांडली की लयीचा स्वर होतो. लय आणि स्वर ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत हे संगीताच्या विद्यार्थ्याला पुस्तकातून समजावून घ्यावे लागते. मोटारसायकलवाल्याच्या मुठीत ते रोज घडते.

छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर इमामपूरचा घाट चढताना याचा पुढला धडा मिळतो. चढावर यंत्र दमते, सूर उतरू लागतो, आणि काट्याकडे न पाहता स्वार खालचा गियर टाकतो. दोन गियरांमधील प्रमाण चारास तीन असेल, तर गाडीचा वेग तोच राहून वरचा गियर पडताच स्वर तार षड्जावरून पंचमावर येतो. स्वाराला या अंतराचे नाव ठाऊक नसते, पण ते अंतर त्याच्या कानात पक्के बसलेले असते.

गॅरेजमध्ये ज्याला ‘वस्ताद’ म्हणतात तो याच्याही पुढे गेलेला असतो. (हा शब्द तालमीत आणि तमाशाच्या फडातही चालतो; तिन्ही ठिकाणी विद्या तोंडी दिली जाते हा काही योगायोग नव्हे.) लांब पेचकसाचे टोक यंत्राला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून तो टॅपेट वाजतो की बेअरिंग, हे सांगतो. दोन कार्बोरेटरांची गाडी असली तर रबरी नळीने आळीपाळीने दोन्ही मुखांचा फुत्कार ऐकून तो समान करतो. गिटार जुळविण्याची क्रियाही याच जातीची आहे. सहाव्या तारेवर पाचवा पडदा दाबला की पाचव्या मोकळ्या तारेचा स्वर मिळावयास हवा. एक तार ११० आणि दुसरी १०८ कंपनांची असेल, तर सेकंदाला दोनदा नाद फुगतो व ओसरतो. शास्त्रात यास विस्पंद म्हणतात. खुंटी पिळत गेले की हे हेलकावे मंदावतात आणि शेवटी नाहीसे होतात.

मग गाणे उचलावयाचे. शहाणा शिकाऊ प्रथम खर्जाचा स्वर गुणगुणून जाड तारेवर शोधतो, नंतर वरचा गंधार शुद्ध की कोमल एवढेच ठरवतो. कॉर्डचे निम्मे कोडे तेथेच सुटते. वेस मॉन्टगोमेरी हा अमेरिकन वादक स्वरलिपी वाचू शकत नव्हता. चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकऐकूनच तो घडला. आपल्याकडे भातखंडे व पलुस्कर यांनी लिपी सिद्ध केली तरी तालीम गुरुमुखातूनच चालत आली, हे सांगावयास नकोच.

कानाच्या वाटेवर एक खळगा मात्र अटळ आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला गिटारचा गंधार चढा लागतो, कारण तो खरोखरच अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. पडदे बारा समान भागांत बसविलेले असतात. ‘जी’ कॉर्ड गोड व्हावी म्हणून शिकाऊ दुसरी तार किंचित उतरवतो. लगेच ‘ई’ कॉर्डमध्ये तीच तार पंचम म्हणून बेसूर होते. येथे कान खरा आणि वाद्यही खरे. कार्बोरेटर संथ चालीला अगदी नेमका लावावा तर भरधाव वेगात तो कमी पडतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही तडजोड लवकर उमगते. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी सरकवली आणि पडद्यांचे बंधनच झुगारले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती मींड ऐकावयास मिळते.

परंतु ज्या छंदाने कान तयार होतो तोच छंद कान हिरावून नेऊ शकतो, आणि याविषयी शौकीन मंडळी फारशी बोलत नाहीत. हमरस्त्यावरील वेगात शिरस्त्राणाच्या आत वाऱ्याचाच घोंघाट ९० डेसिबलांच्या वर जातो. यंत्राचा आवाज त्यापुढे गौण ठरतो. ८५ डेसिबलांचा गोंगाट दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलांस निम्मा काळ, असा सुरक्षिततेचा एक प्रचलित हिशेब आहे. ९४ डेसिबलांस त्यामुळे एकच तास उरतो. नगरहून पुण्यास निघालेल्या स्वाराचा तो तास शिरूरच्या घोडनदीपाशी संपतो, आणि निम्म्याहून अधिक वाट पुढेच असते.

हानी प्रथम होते ती सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांच्या आसपास. गिटारचे मूळ स्वर त्याहून बरेच खालचे, म्हणून वादकास काही गेल्याचे कळत नाही. जाते ती तार छेडतानाची धार, आणि स्वरावरची लकाकी. तारा जुन्या झाल्या असे समजून तो नव्या चढवतो. थोड्या दिवसांनी त्याही त्याला मंद वाटू लागतात. सायलेन्सर कापून गाडीचा रुबाब वाढविणाऱ्याची गोष्ट तर निराळीच. तो कायदाही मोडतो आणि शेजाऱ्यांचे कानही आपल्याबरोबर ओढतो.

यावर उपाय चार आण्यांचा वाटावा इतका साधा आहे. फोमचे बोळे बोटांत वळून, बारीक करून, शिरस्त्राणापूर्वी कानात नीट बसवावे. ते फुगून बसले की वारा दूर गेल्यासारखा होतो आणि यंत्राचा ठोका उलट अधिक स्वच्छ ऐकू येतो. लांबच्या प्रवासानंतर मुठीच्या कंपनाने बोटांना मुंग्या आलेल्या असतात. त्या जाईपर्यंत आणि कानातली गुंज थांबेपर्यंत गिटार पेटीतच राहू द्यावी. त्या अवस्थेत जुळविलेल्या तारा दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास पुन्हा जुळवाव्या लागतात.