कडुनिंबाची साक्ष
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पावसाळा लागला, कपडे दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहू लागले, की आपल्या खडकीत घरोघरी गजकर्णाची तक्रार सुरू होते. मग कोणी टाकळ्याचा पाला वाटायला सांगते, कोणी कडुनिंबाचा, कोणी लसूण. यातले खरे किती आणि ऐकीव किती, हे ठरवायचे कसे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

गजकर्ण म्हणजे अंगातली उष्णता नव्हे. ती कातडीवर वाढणारी बुरशी होय. वनस्पतीने ती मरते की नाही, हे प्रयोगशाळेत असे पाहतात. पाला सावलीत वाळवून त्याची पूड करतात. थोडी पाण्यात व थोडी मद्यार्कात भिजवून गाळतात. कारण काही गुण पाण्यात उतरतात, काही उतरत नाहीत. मग आपण ज्याला चायनाग्रास म्हणतो, त्याच्या थरावर बुरशी पेरून मध्ये खळगा करतात व त्यात अर्काचे थेंब सोडतात. काही दिवसांनी बुरशी सगळीकडे वाढते. पण अर्क गुणकारी असेल तर खळग्याभोवती स्वच्छ कडे राहते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी आणखी दोन थाळ्या असतात : एकीत नुसता मद्यार्क, दुसरीत माहितीतले औषध. पहिली नसेल, तर मद्यार्काच्या कामाचे श्रेय आपण पाल्याला देऊन बसू! आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत अशा नाना बुरशींचा राष्ट्रीय संग्रह जतन केलेला आहे.

परंतु थाळी म्हणजे लेकराची कातडी नव्हे. ठेचलेल्या लसणीने थाळीतली बुरशी मरते, हे खरे. मी मात्र तो ठेचा माझ्या मुलाच्या मांडीवर रात्रभर बांधून ठेवला, आणि सकाळी तेथे भाजल्यासारखे फोड आले. गुण खरा होता. किती लावावे आणि किती वेळ, हे मला ठाऊक नव्हते. चूक औषधाची नव्हे, माझी.

आता कोणी म्हणेल, आजीला सारे ठाऊक होते, मग मोजमापे हवीत कशाला? त्याचे उत्तर कडुनिंबाने दिले. पिकांवरची बुरशी कडुनिंबाच्या तेलाने आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना दिले. १९९५ साली त्याविरुद्ध उभ्या राहिल्या तिघी स्त्रिया : आपल्या वंदना शिवा, बेल्जियमच्या मॅग्डा आल्व्हूत आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेतर्फे लिंडा बुलार्ड. ‘आम्ही हे पिढ्यान्‌पिढ्या करतो’ एवढे म्हणून भागणारे नव्हते. अभय फडके या भारतीय कारखानदारांनी साक्ष दिली, की १९८५ व १९८६ साली पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांत कडुनिंबाच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. साल सांगता आले, ठिकाण सांगता आले, म्हणून त्या साक्षीला वजन आले. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले. कंपनीकडील अपीलही मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले.

भगिनींनो, आपल्या घरातले ज्ञान असेच बेवारशी पडले आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने एक वही ठेवावी. वनस्पती कोणती, तिचा भाग कोणता, किती घेतला, कशासाठी लावला आणि काय झाले, हे तारीख घालून लिहावे. गुण आला तर लिहावाच, फोड आले तर तेही लपवू नये. माझ्या लसणीचे पहिले पान मी स्वतः लिहून देईन. आणि गजकर्ण पसरत असेल, तर वहीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. दुकानातून मनाने आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज थांबते, पण बुरशी बळावते.

आजीच्या शब्दाचा मान राखायचा, तर तो पारखून घेऊन लिहून ठेवणे हाच मार्ग आहे.