महायुद्धाची आरंभतिथी



आरंभाचा दिनांक पुष्कळदा पुराव्यापेक्षा सवयीने ठरतो, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत ही सवय इतकी मुरली आहे की 1 सप्टेंबर 1939 हा दिवस शालेय पुस्तकापासून स्पर्धापरीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत निर्विवाद मानला जातो. त्या दिवशी पहाटे ‘श्लेस्विग-होल्स्टाइन’ या जर्मनीच्या जुनाट युद्धनौकेने डान्झिगजवळच्या वेस्टरप्लाटे येथील पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या आणि दोन दिवसांनी ब्रिटन व फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, याविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो त्याआधीच्या हिशोबाचा. त्या पहाटेपूर्वीच शांघाय, नानजिंग आणि वुहान ही शहरे जपानी सैन्याच्या हाती गेली होती, चीनचे सरकार आपली राजधानी आत चोंगचिंगपर्यंत मागे नेऊन बसले होते, आणि तरीही जगाच्या पंचांगात युद्धाचा दिवस अजून उगवायचाच होता.

असे का झाले, याचे उत्तर रणांगणात कमी आणि कायद्यात अधिक सापडते. 1907 च्या हेग कराराने असा नियम घातला होता की कारणे देणारी घोषणा किंवा सशर्त निर्वाणीचा खलिता दिल्याखेरीज कोणत्याही राष्ट्राने लढाई सुरू करू नये. पुढे 1928 च्या केलॉग-ब्रियाँ कराराने युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचे साधनच असू नये, असे ठरवले आणि त्यावर जपाननेही सही केली. युद्ध निषिद्ध ठरले, तेव्हा युद्ध करणाऱ्याने त्याचे नाव बदलले. 7 जुलै 1937 च्या रात्री बेजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी उडालेल्या चकमकीतून जो संघर्ष पेटला, त्याला टोकियोच्या सरकारी भाषेत ‘चिनी घटना’ असे म्हटले गेले. चीननेही युद्धाची रीतसर घोषणा केली नाही, कारण अमेरिकेच्या तटस्थता कायद्याखाली युद्धरत ठरणाऱ्या राष्ट्राला अमेरिकी शस्त्रास्त्रे मिळणे बंद होत असे आणि ती आयात दोघांनाही हवी होती. लाखो माणसे मरत होती, परंतु कागदावर दोन्ही देशांत युद्ध नव्हते. चीनने जपानविरुद्ध युद्ध पुकारले ते 9 डिसेंबर 1941 रोजी, म्हणजे पर्ल हार्बरनंतर.

या कागदी सोंगाची परीक्षा एका व्यापारी खटल्यात झाली आणि इतिहासकारांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कावासाकी या जपानी जहाज कंपनीने एका ब्रिटिश मालकाचे जहाज भाड्याने घेतले होते. जपानचा संबंध असलेले युद्ध सुरू झाल्यास करार रद्द करता येईल, असे त्यात कलम होते, आणि 1937 च्या सप्टेंबरात मालकाने त्याच कलमावर बोट ठेवून जहाज परत मागितले. मग ‘युद्ध’ म्हणजे काय, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयापुढे आला. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने चीनमधील स्थिती अनिश्चित असल्याचे कळवून हात झटकले, परंतु अपील न्यायालयाने 1939 मध्ये मालकाच्या बाजूने कौल दिला: व्यापारी करारातील शब्दाचा अर्थ सरकारी मान्यतेवर अवलंबून नसतो, व्यवहारी माणसाच्या समजुतीप्रमाणे चीनमध्ये युद्धच चालू होते. जहाजाच्या भाड्याचा हिशोब करणाऱ्याला जे 1937 मध्ये दिसले, ते पाठ्यपुस्तकांना अजून दिसू नये, ही गोष्ट अभ्यासकांना थोडी अवघड वाटायला हवी.

म्हणून या व्यासपीठावरून मांडायचा मुद्दा असा आहे की युद्धाची कालगणना आक्रमकाच्या शब्दावर चालू नये. 1939 हेच वर्ष जगभरासाठी आरंभ म्हणून स्वीकारणे म्हणजे जपानने वापरलेला ‘घटना’ हा शब्द नकळत मान्य करणे होय. अर्थात याचा अर्थ कोणतीही आधीची तारीख आपोआप बरोबर ठरते, असा नव्हे. जपानमध्ये काही विचारवंतांनी रूढ केलेली ‘पंधरा वर्षांचे युद्ध’ ही संज्ञा आणि चीनने 2017 पासून आपल्या शालेय पुस्तकांत आठ वर्षांऐवजी धरलेला चौदा वर्षांचा प्रतिकारकाळ, या दोन्ही गणना 18 सप्टेंबर 1931 च्या मुकदेनजवळील रेल्वेस्फोटापासून सुरू होतात, ज्याचे निमित्त करून जपानने मांचुरिया गिळला. जपानी संज्ञेमागे आत्मपरीक्षणाचा, तर चिनी गणनेमागे राष्ट्राभिमानाचा हेतू आहे, हे स्पष्ट दिसते. परंतु मे 1933 च्या तांगू युद्धबंदीने त्या संघर्षात खंड पडला होता, आणि सलग लढाई ही कसोटी मानली तर 1931 पेक्षा 1937 ची बाजू भक्कम ठरते. टोकियोच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणातील आरोपपत्राने तर थेट 1 जानेवारी 1928 पासूनचा काळ घेतला होता. तेथे कट सिद्ध करायचा होता, म्हणून मुळे खोल शोधणे फिर्यादीला आवश्यक होते. दिनांकामागे हेतू असतोच. तो ओळखून दिनांक वापरणे एवढेच इतिहासकाराच्या हाती असते.

इथिओपियाच्या बाबतीतही आरंभाचा प्रश्न फार वेगळा नाही. इटलीने 3 ऑक्टोबर 1935 रोजी तेथे स्वारी केली, 5 मे 1936 रोजी अदिस अबाबा पडले, आणि सम्राट हैले सेलासी यांनी त्याच वर्षीच्या जूनअखेरीस जिनीव्हात राष्ट्रसंघापुढे केलेले आवाहन निष्फळ ठरले. राजधानी पडल्यापासून बरोबर पाच वर्षांनी, 5 मे 1941 रोजी, ते तेथे परतले. पूर्व आफ्रिकेतील ज्या मोहिमेने ही वाट मोकळी केली, तिच्यात एरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही लढले होते. युरोपच्या दृष्टीने ती दुसऱ्या महायुद्धातील एक बाजूची आघाडी होती. इथिओपियाच्या दृष्टीने मात्र 1935 च्या युद्धाचा तो शेवट होता.

निरनिराळी युद्धे एकमेकांत कशी गुंतत गेली, हे 1939 च्या सप्टेंबरात विशेष स्पष्ट दिसते. मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल नदीकाठी त्या वर्षीच्या मे महिन्यापासून सोव्हिएत आणि जपानी फौजा लढत होत्या, आणि ऑगस्टअखेरीस सोव्हिएत सेनापती झुकॉव्ह यांनी जपान्यांचा मोठा पराभव केला. 15 सप्टेंबरला तेथील युद्धबंदी ठरली आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले. आशियातील एक आघाडी थंडावल्याखेरीज युरोपातील दुसरी उघडली गेली नाही. सोव्हिएत सरकारने त्या प्रवेशालाही युद्ध म्हटले नाही. युक्रेनियन आणि बेलारूसी बांधवांचे संरक्षण, असा त्याचा खुलासा होता. रशियात आजही ‘महान देशभक्तीपर युद्ध’ 22 जून 1941 पासून मोजले जाते, त्यामुळे आधीची बावीस महिन्यांची कहाणी सोयीस्करपणे वेगळ्या कप्प्यात पडते.

अमेरिकेची तारीख 7 डिसेंबर 1941. तिच्यातही एक गंमत आहे. जपानी सैन्य ब्रिटिश मलायातील कोटा भारूच्या किनाऱ्यावर पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या तासाभराहून अधिक आधी उतरू लागले होते, परंतु आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे तेथे 8 डिसेंबर उजाडलेला होता. म्हणजे आधी घडलेली गोष्ट नंतरच्या तारखेला नोंदली गेली. त्या किनाऱ्याचे रक्षण भारतीय पलटणी करत होत्या. अमेरिकी संसदेची युद्धघोषणा 8 डिसेंबरची असल्याने पर्ल हार्बरमध्ये मेलेल्यांच्या विमा पॉलिसीतील ‘युद्ध’ हे कलम लागू होते की नाही, यावर तेथील न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले. आधीच पेटलेली दोन मोठी युद्धे खऱ्या अर्थाने एकत्र गुंफली गेली ती त्या आठवड्यात, 11 डिसेंबरला जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले तेव्हा. ‘महायुद्ध’ या शब्दातील ‘महा’ला अर्थ द्यायचा तर तो दिवस विसरून चालणार नाही, आशियातील आरंभ मात्र जुलै 1937 चाच राहतो.

भारताला युद्धात ओढणारी तारीख 3 सप्टेंबर 1939 ही होती, आणि ती व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही भारतीय नेत्याला न विचारता जाहीर केली. त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगाल तटस्थ असल्याने युद्ध नव्हतेच. त्या तटस्थतेच्या आश्रयाने 1939 पासून मुरगाव बंदरात जर्मन व्यापारी जहाजे नांगरून पडली होती. 1943 च्या मार्चमध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतल्या पोक्त माणसांनी एका जुन्या नावेतून येऊन ‘एरेनफेल्स’ या जहाजावर रात्री छापा घातला, तेव्हा जर्मन खलाशांनी स्वतःच जहाजांना आगी लावल्या. कोणत्याही जाहीरनाम्यात नसलेले हे युद्ध गोमंतकीयांनी किनाऱ्यावरून पाहिले.

सोलापूरची गोष्ट याच्या उलट आहे. काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, 1938 च्या सप्टेंबराच्या आरंभी मुंबईहून चीनकडे निघाले, म्हणजे वेस्टरप्लाटेवर तोफ डागली जाण्याच्या सुमारे एक वर्ष आधी. 9 डिसेंबर 1942 रोजी ते तेथेच मरण पावले. त्या दिवशी चीनच्या अधिकृत युद्धघोषणेला बरोबर एक वर्ष होत होते. त्या घोषणेआधीची तीन वर्षे त्यांनी ज्या जखमा शिवल्या, त्या कायद्याच्या दृष्टीने कोणत्याच युद्धातल्या नव्हत्या.